बंब आत येतो का

गल्लीच्या तोंडाशी बंब थांबला आणि ड्रायव्हरने आधी दोन्ही बाजूंचे आरसे आत दुमडले. गल्ली मुळातच अरुंद, त्यात आज ती अंग चोरून बसल्यासारखी दिसत होती. एका रात्रीत बंगल्यांसमोर भल्यामोठ्या कुंड्या उगवल्या होत्या, आणि प्रत्येक कुंडीमागे फाटकाला टेकून तिचा मालक उभा होता. फुकटचा खेळ बघायला माणसांना काय तोटा!

"जसं आहे तसंच जायचं," शेजारी बसलेले अग्निशमनचे साहेब म्हणाले. "आपण काही हलवायचं नाही, कशाला घासायचं नाही. साधा ओरखडा उठला तरी नापास."

गल्लीच्या टोकाला रिकामी जागा होती. हॉस्पिटलातल्या आया आणि सफाईवाल्यांनी मिळून तिथे आपल्या ऐपतीतली घरं बांधायची ठरवली होती. बाकीच्या परवानग्या कशाबशा हातात पडल्या होत्या. घोडं पेंड खात होतं ते इथे. बंब त्या जागेपर्यंत पोचला तर ना-हरकत, नाही तर घरं विसरायची. गल्लीला ही घरं नको होती.

जागेच्या कडेला आया घोळक्याने उभ्या होत्या, आणि त्यांत ड्रायव्हरची थोरली बहीण होती. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं. आज ड्यूटी नेमकी त्याची लागली होती. ताईने त्याला कडेवर घेऊन वाढवलं, आणि तिचा स्वतःचा जन्म भाड्याच्या खोल्यांतून बोचकी हलवण्यात गेला.

पहिल्या वळणावर त्याने बंब कुंड्यांमधून असा काढला, की एका पानालाही धक्का लागला नाही. फाटकापाशी उभ्या एका गृहस्थाच्या तोंडून नकळत "वा!" निघून गेलं. बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

दुसऱ्या वळणावर मात्र गाडी होती.

ती रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांची. एरवी फाटकाच्या आत पत्र्याखाली झोपायची. आज खोळ पांघरून बाहेर, ऐन वळणात. अध्यक्ष शेजारीच हाताची घडी घालून उभे होते.

"जरा आत घेता का गाडी?" ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं.

"बंद पडलीय. मेकॅनिक उद्या येणार."

"मग ढकलू या. आम्ही आहोत की."

"लॉक आहे. सकाळपासून किल्ली सापडत नाहीये."

"खिसे बघितलेत? होतं कधी कधी, काखेत कळसा आणि गावाला वळसा."

कोणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांच्या बंगल्याच्या गॅलरीत खुर्चीत बसलेल्या म्हातारीने मान पुढे काढून विचारलं, "अरे, आग कुठे लागलीय?"

"कुठेही नाही, आई. तू बस."

ड्रायव्हरने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मालकाने आपणहून काढली तर माझं काही म्हणणं नाही. नाही काढली, तर आहे त्यातून जमतंय का बघ."

त्याने पहिला गिअर टाकला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोळ. पलीकडे ताई घोळक्यातून पुढे आली होती आणि बोटं हलवून त्याला बोलवत होती, ये, ये. तो पहिली पावलं टाकायला शिकत होता, तेव्हाही ती अशीच समोर बसून बोलवायची. बंब सरकत राहिला. खोळीचं कापड पुढच्या चाकाच्या वाऱ्याने हललं. भिंत अगदी दाराला येऊन भिडतेय असं वाटत होतं.

अचानक ताईने तळहात उभा धरला. पुरे.

त्याने ब्रेक दाबला. मध्ये बोटभरही जागा उरली नव्हती. अजून थोडा रेटला असता तर चाचणी गेलीच असती, वर नोकरीवरही आलं असतं, आणि हे त्याच्याआधी तिच्या लक्षात आलं होतं.

त्याने बंब गाडीपासून मागे घेतला. भिंतीकडचं दार तरीही उघडत नव्हतं म्हणून तो साहेबांच्या मागून, त्यांच्या दाराने खाली उतरला. अध्यक्षांसमोर जाऊन उभा राहिला. राग इतका आला होता की आवाज उलट खाली गेला.

"त्या घरांचं राहू द्या. आत्ता तुमच्या या घराला आग लागली, तर मी कुठून येऊ?"

अध्यक्षांनी वर गॅलरीकडे पाहिलं. म्हातारी खुर्चीच्या हातावर बोटं आपटत खालीच बघत होती. त्यांचा हात पँटच्या खिशात गेला, आणि खिशात काहीतरी खुळखुळलं. ते फाटकांपाशी उभ्या सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनीही ऐकलं. काढा, ड्रायव्हर मनात म्हणाला, काढा हो एकदा.

हात बाहेर आला, तो रुमाल घेऊन. अध्यक्षांनी कपाळ पुसलं.

"लागेल तेव्हा बघू."

साहेबांनी मान खाली घातली आणि शेरा लिहायला घेतला. "गाडी बंद आहे म्हणतात, त्याला मी काय करणार?" ते कोणाकडे न बघता म्हणाले.

ताई जागेवरच दगडावर बसली. ड्रायव्हरला तिच्याकडे बघवेना. त्याने वर चढून रिव्हर्स टाकला, आणि आलेल्या वाटेने, कुंड्यांमधून, बंब मागे मागे जाऊ लागला.

"अरे, हा परत का चाललाय?" गॅलरीतून म्हातारीचा आवाज आला.

"काम झालं त्याचं, आई."

म्हातारी खुर्चीतून पुढे वाकली.

"आपल्याकडे काही झालं, तर येईल ना रे तो इथपर्यंत?"

"येईल की," अध्यक्ष म्हणाले.

फाटकांपाशी उभं असलेलं कोणीच मान वर करेना.