कठड्याखालची खाच

डबल ड्यूटी करून नर्सबाई घरी परतल्या तेव्हा सुतार जिन्याचा जुना कठडा घट्ट बसवून हत्यारं आवरत होता.

"बाई, हा माझ्या आजोबांच्या हातचा," तो म्हणाला. "कठड्याच्या खालच्या अंगाला खाच आहे, ती त्यांची खूण. उतारवयात नजर गेली, तेव्हापासून ती वरच्या शेवटच्या पायरीशी ठेवायचे. बोटांना खाच लागली की जिना संपला. कधी चुकले नाहीत."

"असेल बाबा." त्यांच्या पायांचे तुकडे पडले होते.

सुतार गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नर्सबाई त्या कठड्याखालून बोटं फिरवत जिना चढू लागल्या. खाच लागली, कडेची जराशी कपचीही उडालेली होती. हुश्श करून त्यांनी पाऊल टाकलं, तर पुढे आणखी एक पायरी.

"चुकलाच की म्हातारा," त्या पुटपुटल्या आणि चढत राहिल्या.

पुन्हा खाच लागली. तीच, कपची उडालेली. पुढे पुन्हा पायरी.

"सूनबाई, आलीस का गं?" वरच्या खोलीतून सासूबाईंनी रोजच्यासारखी हाक मारली.

"आले, आले."

तिसऱ्यांदा तीच खाच बोटांना लागली, तेव्हा सासूबाईंनी परत हाक मारली.

या वेळी हाक खालून आली.