कर्ण्याची खोली

“सावकार, भिंत काय बाळंतीण हाय व्हय, तिला गाद्या घालायला?” ईरप्पा सुतार शिडीवरून म्हणाला. तोंडात खिळे होते, त्यामुळं तो अर्धाच हसला.

सिद्धाराम हसला नाही. “ठोक तू. मधे पोकळ जागा राहू देऊ नकोस.”

त्याची बायको दानम्मा दारात उभी होती. कडेवर निंगव्वा होती, अजून दात न आलेली. ईरप्पानं खिळ्यावर हातोडी घातली. दानम्मानं मुलीच्या पापण्यांकडे पाहिलं. हलल्या नाहीत. ती रोजच पाहत होती. आताशा पाहताना छातीत काही होतही नसे.

सोलापुरातल्या बाळीवेशीतल्या त्या घरी सुताचा व्यापार होता. माडीवरची सूत ठेवायची खोली रिकामी करून सिद्धाराम तिथं फोनोच्या तबकड्या ऐकायची खोली करत होता. खिडकी विटांनी बुजवली होती. कोपरे फळ्या मारून मोडले होते. भिंतींना कापसाच्या गाद्या, जमिनीवर घोंगड्या. फोनो पलीकडच्या खोलीत राहणार आणि त्याचा कर्णा भिंतीतून इकडे येणार. सागवानी फळ्यांचा कर्णा. तिकडे मनगटाएवढा आणि इकडे त्याचं तोंड बैलगाडीच्या चाकाहून मोठं.

“आवाज भिंतींवर आपटून विखरायला नको,” सिद्धाराम विचारणाऱ्याला सांगे. “सगळा एका जागी पोचला पाहिजे.”

विचारणारे माघारी हसत. सिद्धारामला गाण्यातलं काही कळत नसे. मठातल्या भजनातही तो खांबाला टेकून पेंगत असे.

“सूत काढून भोंगा ठेवतोय माझा लेक,” सासूबाई गुरम्मा म्हणत. “गिरणीचा कमी पडला की काय!”

गिरणीचा भोंगा पहाटे होई. परगावचे पाहुणे आले की त्यांची मुलं किंचाळत उठत. निंगव्वा पाळण्यात तशीच झोपलेली असे. गुरम्मा मीठ-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढत. “सोलापूरचं लेकरू हाय ते. भोंग्याला कशाला दचकतंय? लई गुणाची माझी बाई!” शेजारणीही तेच म्हणत. सगळ्यांचीच मुलं त्या भोंग्यात वाढलेली. न दचकणं हा तिथं गुणच होता.

दानम्मा मैंदर्गीची. धारवाडच्या कॉलेजात शिकलेली. तिनं या गुणावर विश्वास ठेवला नाही. घरात कोणी नसताना तिनं मुलीच्या पाठीमागे तांब्या पाडला. टाळ्या वाजवल्या. परात बडवली. निंगव्वा आपली मूठ न्याहाळत राहिली. सावली पडली की मात्र ती चटकन वळे आणि हसे. त्या हसण्यावर सगळं घर फसत होतं.

दानम्मानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं होईल. मग निंगव्वा हे नाव घरात उरणार नाही, मुकी म्हणतील. दुकानातून आल्या आल्या सिद्धाराम मुलीला उचलून घेतो, तेही हळूहळू थांबेल. हे ती इतक्या वेळा मनात बोलली होती, की आता त्यातले शब्द नुसते येत आणि जात.

आणि आता हा कर्णा. तो पहिल्यांदा वाजेल तेव्हा सगळे भाऊबंद खोलीत जमतील. सगळे दचकतील. हे एक लेकरू दचकणार नाही. ते सगळ्यांना दिसेल.

“मी निंगीला घेऊन मैंदर्गीला जाऊन येते,” ती सिद्धारामला म्हणाली. “कर्णा सुरू होईल तेव्हा आम्ही नसलो तरी चालेल ना?”

“नाही जायचं.”

“का?”

“निंगी इथं पाहिजे.”

“अहो, एवढीशी आहे ती. एवढ्या आवाजात…”

“पाहिजे म्हटलं ना.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. दानम्माला वाटलं, पोर मिरवायची असणार. बघा, एवढ्या आवाजालाही हलत नाही आमचं लेकरू! नजर कुठंतरी ठेवायची म्हणून तिनं खोलीभर फिरवली. आत बसायला काही नव्हतं. खुर्ची नव्हती, लोड नव्हता.

“तुम्ही कुठं बसणार?” तिनं विचारलं.

“मला कशाला बसायला पाहिजे?”

“मग माणसं?”

“माणसं बोलावली कुणी?”

दानम्माला काही कळेना. ईरप्पा शिडीवरून उतरला, शिडी ओढत कर्ण्यापाशी आला. त्याच्या हातात लोखंडी कडी होती.

“सावकार, ही कुटं मारू?”

“कर्ण्याच्या तोंडासमोर. जेवढी जवळ येईल तेवढी.”

“दिव्याची हंडी टांगायची व्हय?”

“पाळणा.”

ईरप्पानं कर्ण्याकडे पाहिलं. मग दानम्माच्या कडेवरच्या लेकराकडे पाहिलं. तोंडातले खिळे त्यानं हातात घेतले.

“पाळणा? हितं? अवो सावकार, लेकरू केवढं दचकंल की!”

सिद्धाराम पुढे आला. त्यानं निंगव्वाला दानम्माच्या कडेवरून घेतलं. तिच्या कानावरचं जावळ बोटानं मागे सारलं.

“एकदा दचकू दे,” तो म्हणाला. “त्याच्यासाठीच तर बांधलीय ही खोली.”