अकरावा साचा

"दात वाकडा झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिला किती देखणा होता."

"देखणा होता, म्हणूनच फसला," दात घडवणारी म्हणाली आणि तिने मायक्रोमीटर पुन्हा लावला.

दवाखान्यामागच्या तिच्या खोलीत भट्टी नुकती थंड झाली होती. दातावर चढवायच्या सिरॅमिकच्या सच्छिद्र टोपीवर काचेची पूड लेपून तिने ती भाजली होती. काच वितळून छिद्रांत मुरते. टोपी कणखर होते, पण आकसत नाही. दिलेलं माप जसंच्या तसं राहतं. त्यामुळे चुकलं तर भट्टीवर ढकलता येत नाही.

गेल्या आठवड्यातली चूक तिचीच होती. तिच्या मामांचा मोडलेला पुढचा दात मुळात वाकडा होता; तिने नवा शेजारच्या दातासारखा सरळ करून दिला, आणि चाळीस वर्षं ट्रंपेट वाजवणाऱ्या मामांचा वरचा सूर गेला. ओठ बसेना, हवा फुसकन निसटे. वाद्यवृंदाने उद्यापर्यंत मुदत दिली होती. नाहीतर त्यांच्या खुर्चीवर दुसरा.

दवाखान्यात मामा "आ" करून बसले. डॉक्टरीणबाईंनी टोपी चढवली. चपखल बसली.

"हा वाकडेपणा कुठून पैदा केलास गं?" मामांनी जिभेने चाचपत विचारलं. "मोडलेला तुकडा तर कचऱ्यात गेला."

तिने मामांच्या दातांचा प्लास्टरचा एक पिवळट साचा पुढे केला. ती माप घ्यायला शिकत होती तेव्हाचा. घरातले बाकीचे पळ काढत. मामा तेवढे तोंड उघडून बसत.

"दहा साच्यांत बुडबुडे राहिले," ती म्हणाली. "तुम्ही अकराव्यांदा बसलात, म्हणून आज हा दात मिळाला."

"माप घ्यायचा तो गिळगिळीत मसाला! दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं." मामा हसले. मग हसू आवरून त्यांनी ट्रंपेट ओठांना लावलं.

खालचे सूर आले. मग वरचा. तो सरळ निघाला आणि श्वास संपेपर्यंत हलला नाही. बाहेर ताटकळलेल्या रुग्णांची कुजबुज थांबली.

मामा भाचीकडे बघत राहिले. त्यांनी खिशातून फोन काढला, मामीला लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला आणि तोच सूर पुन्हा धरला.

पलीकडचा भांड्यांचा आवाज बंद झाला.

"अहो, थांबा," मामी म्हणाली. "गॅस बंद करून येते. मग परत वाजवा."