घरगाडीचं दावं

"चेक देतो आणि गाडी आत्ताच नेतो," पुण्याहून आलेले यशवंतराव म्हणाले आणि त्यांनी जीपच्या बॉनेटवरच चेकबुक उघडलं.

वजीर मिस्त्री घुटमळला. भोसरीच्या रस्त्याकडेला, त्याच्या गॅरेजसमोरच्या कडुनिंबाला साखळीनं बांधलेली घरगाडी उभी होती. चाकांवरची खोलीच ती. आत पलंग, शेगडी, खिडक्यांना पडदे. मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन इंजिनिअरनं ती मोडक्या अवस्थेत वजीरला देऊन टाकली होती आणि वजीरनं पत्रा ठोकून, रंग देऊन तिची नवरी केली होती. तिचे नऊ हजार आले की गॅरेजात स्वतःचं लेथ मशीन बसणार होतं. पण चेक नावाचा कागद त्यानं जन्मात हातात धरला नव्हता.

त्यानं बाजेवर बसलेल्या शेजाऱ्याकडं पाहिलं. "कोंडाजीबाबा, तुमीच सांगा. तुमी म्हनाल तसं."

कोंडाजीचा सकाळपासून जळफळाट चालला होता. नऊ हजार! पत्र्याच्या खोक्याला! कंपन्यांसाठी त्याची तीन एकर गेली तेव्हासुद्धा एवढे हातात आले नव्हते. वाडवडिलांच्या जमिनीपेक्षा या मिस्त्रीचं भंगार महाग? उद्या इथं लेथ बसेल, लोक याला शेठ म्हणायला लागतील आणि आपली पोरं याच्याच दारात कामाला येतील.

चेक काय चीज असते, हे त्या आळीत एकट्या कोंडाजीला ठाऊक होतं. चाकणच्या बैलबाजारात लोकांचे सौदे जुळवून देणाऱ्या या शहाण्यानं स्वतःची खिलारी जोडी मात्र एका गोडबोल्याला असाच कागद घेऊन दिली होती. कागद वटला नाही. जोडी गेली, गोडबोल्याही गेला. कागद तेवढा देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकामागं राहिला. लाजेपायी ही गोष्ट त्यानं बायकोशिवाय कुणाला कळू दिली नव्हती. आता त्याच्या मनात आलं, एकट्या आपणच का बुडायचं?

"चेक म्हंजे नोटाच की रं," तो म्हणाला. "घे बिनघोर. आन् सोड दावं."

वजीरचा चेहरा फुलला. उंबऱ्यात उभ्या असलेल्या बायकोला तो ओरडून म्हणाला, "ऐकलंस का हसीना? बाबा 'दावं सोड' म्हनले! आता कसला घोर? पैसा बुडाला तर बाबा जामीन हायेत."

कोंडाजी चरकला. बैलबाजाराची रीतच ती. सौद्यात मध्ये बसलेला माणूस 'दावं सोड' म्हणाला की पैशाची जोखीम त्याच्या डोक्यावर. बुडाला तर त्यानं भरायचा. हयातभराच्या सवयीनं शब्द तोंडातून निसटला होता. समोर बैल नव्हते म्हणून रीतही आठवली नाही. घर, गोठा, गोठ्यातली उरलेली म्हैस, सगळं विकलं तरी नऊ हजार कुठले उभे राहायला!

तिकडं साखळी खळखळली. वजीर कुलूप काढत होता. कोंडाजी उठला, धोतर सावरत धावला आणि घरगाडीच्या दारात फतकल मारून बसला.

"पैसा बघितल्याबिगर दावं सुटत न्हाई!"

"अहो, आत्ताच तर सोड म्हणालात!" यशवंतराव म्हणाले.

"म्हनलो. आता न्हाई म्हनतो. ह्याला संगं घिऊन बँकेत जावा. चेक तितं द्या, नोटा ह्याच्या हातात पडू द्या, मग गाडी न्या. तवर मी हितनं हलत न्हाई."

यशवंतराव लालबुंद झाले. पण म्हातारा हलेना. शेवटी घड्याळ बघत त्यांनी वजीरला जीपमध्ये घातलं आणि पुण्याची वाट धरली.

कोंडाजी हळूच आत सरकला. पलंगावर बसून पाहिलं. गादी मऊ होती, त्याचाही त्याला राग आला. हसीनानं चहा आणून दिला. "पोटचा ल्योक असता तरी आमच्यासाटी असा बसला नसता, बाबा," ती म्हणाली. चहा पिता पिता कोंडाजी खंडोबाला विनवत होता, बँकेत कागद खोटा निघू दे. आता भरपाई आपल्या अंगावर येत नाही. आणि याचा लेथही बसत नाही.

उन्हं कलता कलता जीप परतली. वजीर उडी टाकूनच उतरला. छातीशी कापडी पिशवी घट्ट धरली होती. ती हसीनाच्या ओटीत टाकून त्यानं कोंडाजीचे दोन्ही हात धरले.

"बाबा, सायबांचा चेक सच्चा निघाला! खिडकीत दिला, आन् पलीकडनं नोटा आल्या. तुमी म्हनला व्हता तेच खरं. चेक म्हंजे नोटाच!"

साखळी सुटली. जीपमागून डुलत डुलत घरगाडी वळणाआड गेली. सगळी आळी बघायला लोटली होती. कोंडाजीनं मात्र घराची वाट धरली.

बायकोनं, सुभद्राबाईनं, ताट वाढलं होतं. तो ताटावर बसलाच नाही. देव्हाऱ्यापुढं उभा राहिला, टाकामागचा कागद काढला आणि समईच्या उजेडात उलटासुलटा करून बघत राहिला.

"काय झालं वजीरच्या चेकचं?" तिनं चुलीपुढून विचारलं.

"वटला," कोंडाजी म्हणाला. "त्याचा वटला."