यामनाची खुशाली

यामना वारली. खजुरीच्या बनामागे तिचं दफन झालं, सगळं रीतसर पार पडलं. पाहुणे पांगल्यावर तिचा नवरा हम्मू याने पुदिन्याच्या चहाचे दोन पेले भरले आणि आत हाक मारली, "अगं, निवतोय."

बाया नावाची शेजारीण दारातच होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, रिकाम्या गादीकडे पाहिलं आणि चपला काढून आत शिरली.

"यामना खाला, गुडघे कसे आहेत?"

"ठणकतायत म्हणते," हम्मू म्हणाला.

"मग चढू नये गच्चीवर. ऐकतंय कोण."

गावाने ते मनावर घेतलं. भट्टीवाला सईद तिच्या वाटची रोटी पाठवू लागला. बायका सुनांची गाऱ्हाणी घेऊन तिच्यापाशी बसू लागल्या. जिवंतपणी यामनाने कुणाला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. आता तिच्याइतकी समजूतदार बाई आसपास नव्हती.

कोरड्या नदीपलीकडे दुसरा देश. सरहद्द बंद. यामनाची बहीण रकुश तिकडे दिलेली. शुक्रवारी नमाजानंतर दोन्ही काठांवरून लोक ओरडून खुशाली विचारत.

"यामना कशी आहे?" रकुशचा आवाज यायचा.

हम्मू पागोटं सारखं करायचा. मग अख्खा काठ ओरडायचा, "मजेत!"

खजूर उतरवायच्या दिवसांत एका सकाळी हम्मूने एकच पेला भरला. त्याकडे बघत बसला. मग हमसून हमसून रडला. इतके दिवस आपण तगलो ते या माणसांमुळे, हे त्याला कळलं. तोंड धुऊन तो तडक गावच्या बैठकीत गेला.

"तुम्ही माझं वेड सांभाळलंत. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण आता पुरे. यामना गेली. मला तिच्यासाठी चारचौघांत रडू द्या. शुक्रवारी रकुशलाही सांगून टाकू."

गावचा मुखिया शेख मिमून याने घसा खाकरला.

"भांडलात का?"

"नाही, शेख. ती मेली."

"रागात माणूस काहीही बोलतो," सईद हळूच म्हणाला.

दारातून बाया म्हणाली, "आत्ताच तिच्यापाशी बसून आले. तुझंच कौतुक चाललं होतं."

हम्मूने एकेक चेहरा न्याहाळला. कुणीही डोळा मिचकावत नव्हतं. शेवटी त्याने पागोटं काढून हातात घेतलं आणि ताठ उभा राहिला.

"गावच्या बैठकीस नम्र विनंती, की अर्जदाराची पत्नी यामना हिला कृपया मयत समजण्यात यावे."