वीतभर पट्टी

सासूबाईंच्या हृदयाची झडप गळत होती. त्या वयात छाती उघडणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून नळी घालून झडपेला क्लिप लावली आणि आठवडाभर पूर्ण आराम सांगून घरी सोडलं.

सासरेबुवांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ना चीर, ना टाका! हे कसलं ऑपरेशन? नसती थेरं. ऊठ, चहा टाक."

बोटाला नखुरडं झालं तेव्हा हेच गृहस्थ पंधरा दिवस अंथरुणातून कण्हत होते.

पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यापेक्षा मी सासूबाईंच्या छातीवर, नीट दिसेल अशी, वीतभर पांढरी पट्टी चिकटवली.



दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सासऱ्यांची हाक आली, "सूनबाई, आपल्याकडे साखर कुठे असते?"