पिवळी टोपी

ज्वालामुखीच्या तोंडातून काळा धूर उसळला आणि तळ्याकाठचं अख्खं गाव धक्क्याकडे धावलं. पाठीवरच्या सॅकचं धूड सांभाळत ती पोचली, तर शेवटच्या बोटीत पिवळ्या टोप्यांची मराठी टूर चिवडा खात बसलेली.

सकाळी नाश्त्याला त्यातल्याच एका काकूंनी विचारलं होतं, "मराठी का गं?" एकटीनं जग बघायला निघालेली ती, या घोळक्यात कशाला अडकतेय! "सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड," म्हणून सटकली होती.

आता केसांत राख पडत होती आणि नावाडी दोर सोडत होता.

"अहो काकू!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "मला घ्या हो! पाया पडते तुमच्या!"

काकूंनी सावकाश चिवड्याचा बकाणा भरला. "सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड."

सगळी बोट खो खो हसली. तिला मात्र रडूच फुटलं. तशा काकू सरकल्या. दंडाला धरून तिला आत ओढत त्यांनी पर्समधून जादाची टोपी काढली. "घाल ही. हरवलीस तर शोधायचं कसं तुला?"

तिनं निमूट टोपी घातली, आणि नाडी स्वतःच हनुवटीखाली घट्ट बांधली.